निष्ठा देखभाल शुल्क

एका सकाळी दातांच्या डॉक्टरांनी एका वकिलाची अक्कलदाढ काढली, हातमोजे टाकले, हात धुतले आणि फोन पाहिला. विमान कंपनीने त्यांच्या खात्यातून काही रक्कम परस्पर वळती करून घेतली होती. रक्कम फार नव्हती. एक दात भरायला डॉक्टर घेत साधारण तेवढी. पण कारण म्हणून 'निष्ठा देखभाल शुल्क' असे छापले होते, आणि डॉक्टर त्या तीन शब्दांपाशी अडले.

डॉक्टर हे कंपनीचे सुवर्ण सदस्य होते. लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेल्यापासून ते आणि त्यांची पत्नी याच कंपनीच्या विमानाने तिच्याकडे जात. नुकतीच नात झाली, तिला पाहून आले तेही याच विमानाने. दुसऱ्या कंपनीचे तिकीट स्वस्त असले तरी डॉक्टर म्हणत, "आपलं माणूस सोडून परक्याकडे कशाला जायचं?" आता आपल्या माणसाने खिशात हात घातला होता.

त्यांनी ग्राहक सेवेला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

"सर, वर्षभरात तुम्ही आमच्याशिवाय कुणाच्याच विमानात बसला नाहीत. एवढी निष्ठा सांभाळायची म्हणजे आम्हाला खर्च येतो."

"आणि मी दुसऱ्यांच्या विमानात बसलो असतो तर?"

"मग शुल्क लागलं नसतं, सर. पण मग सवलतही मिळाली नसती."

"कसली सवलत?"

"निष्ठा देखभाल शुल्कावरची."

डॉक्टरांनी जन्मभर कठीण जबडे उघडले होते, पण इथे अवजार टेकवायला फटच सापडेना. आवाज चढवून ते म्हणाले, "मला तक्रार करायचीय. आत्ताच्या आत्ता."

"अभिनंदन, सर!" मुलीला मनापासून आनंद झालेला दिसला. "सुवर्ण सदस्यांना समक्ष सुनावणीचा मान आहे. साध्या प्रवाशांचं आम्ही ऐकूनसुद्धा घेत नाही."

सुनावणी मुख्यालयात होती, आणि मुख्यालय होते लेकीच्या शहरात. पत्नी खूश झाली. "चला, त्या निमित्ताने बाळ तरी बघून याल." डॉक्टरांनी तिकीट काढले, अर्थात याच कंपनीचे. परक्या विमानाने गेल्यास निष्ठा खंडित होऊन तक्रार आपोआप निकाली निघेल, असे नियमांत म्हटले होते.

विमानतळावर त्यांच्या हातातली फाइल काउंटरवरच्या मुलाने तोलून पाहिली.

"यात काय आहे, सर?"

"तुमच्याविरुद्धचे कागद."

"म्हणजे हे वैयक्तिक सामान नव्हे. कंपनीशी संबंधित आहे. त्याचं वेगळं शुल्क पडेल."

डॉक्टरांनी ते भरले आणि पावती फाइलला जोडली. फाइल आणखी जाड झाली.

मुख्यालयातल्या सुनावणी अधिकाऱ्याने उठून नमस्कार केला, कॉफी मागवली आणि सगळे म्हणणे मान डोलावत ऐकले. शेवटी तो गहिवरून म्हणाला, "डॉक्टर, तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. असं इतकं मुद्देसूद आजवर कुणी मांडलेलं नाही." इतका आदर डॉक्टरांना घरीसुद्धा मिळत नसे. "रक्कम परत करतो. मात्र आमच्याकडे रोख परताव्याची पद्धत नाही. ती गुणांच्या रूपात जमा होईल."

"गुण घेऊन मी काय करू?"

"त्यातून तिकीट काढता येतं. महिन्याच्या आत न काढल्यास गुण बाद होतात, आणि बाद गुणांची विल्हेवाट लावायला थोडं शुल्क लागतं. तुमची त्यालाही हरकत असणार, हे मी गृहीत धरतो. पुढची तारीख लिहून घ्या."

परतीच्या विमानाला जेमतेम वेळ उरला होता. लेकीचे घर मुख्यालयापासून रिक्षाच्या अंतरावर होते. डॉक्टरांनी तिला फोन केला. "पुढच्या खेपेला नक्की येतो गं. एकदा हे प्रकरण मार्गी लागू दे."

पुढच्या खेपेला अधिकारी रजेवर होता. त्यापुढच्या खेपेला विमान उशिरा पोहोचले, आणि गैरहजेरीबद्दल डॉक्टरांनाच शुल्क लागले. त्याची वेगळी तक्रार झाली. दवाखान्याच्या दारावर 'डॉक्टर बाहेरगावी आहेत' ही पाटी कायमची लटकली. गावात असत तेव्हा ते रुग्णाच्या तोंडात आरसा घालून सगळे प्रकरण पहिल्यापासून सांगत. तोंड उघडे असल्यामुळे रुग्णांनी कधी मतभेद नोंदवला नाही.

"अहो, किती पैसे गेले होते ते?" एका रात्री जेवताना पत्नीने विचारले.

"प्रश्न पैशांचा नाही. तत्त्वाचा आहे."

"मग तत्त्वाला एकदा लेकीच्या घरी घेऊन जा. ती विचारत होती, बाबा शहरात येऊन जातात म्हणे, आमच्यावर रागावलेत का?"

डॉक्टर काहीतरी मनाला लागेल असे बोलणार होते, तेवढ्यात फोन वाजला. खुद्द सुनावणी अधिकारी बोलत होता आणि त्याचा स्वर थरथरत होता.

"डॉक्टर, तक्रारींसाठी तुम्ही केलेल्या प्रवासामुळे तुमचे गुण एवढे वाढले, की आजपासून तुम्ही प्लॅटिनम सदस्य झालात! प्लॅटिनमला निष्ठा देखभाल शुल्क माफ असतं. जे शुल्क तुम्हाला लागूच नाही, त्याविरुद्ध तक्रार कशी चालणार? सगळ्या तक्रारी रद्द. तुम्ही जिंकलात."

डॉक्टर ताटावरून उठले आणि त्यांनी पत्नीला घट्ट मिठी मारली. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी भरल्या ताटावरून उठून असे कधी केले नव्हते, त्यामुळे ती घाबरली.

प्लॅटिनमपद टिकवायला सतत उडत राहावे लागे. डॉक्टर उडत राहिले. विमानतळावरच्या खास कक्षात फुकटचे काजू खात ते काचेपलीकडची गर्दी पाहत. एकदा तिथे एक जण शुल्कावरून हुज्जत घालताना दिसला, तेव्हा ते शेजाऱ्याला म्हणाले, "या लोकांना प्रवासाची शिस्तच नाही."

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला पत्नी सरळ बसने गेली आणि सकाळीच पोहोचली. डॉक्टर थेट विमानाने तासाभरात पोहोचले असते, पण मधे दोन शहरांत उतरून गेल्यास तिप्पट गुण मिळत होते. ते आले तेव्हा पाहुणे पांगले होते, फुगे मऊ पडले होते आणि जावई खुर्च्या उचलत होता.

"बाबा, निघालात तरी कधी?" लेकीने विचारले.

"काल," डॉक्टर अभिमानाने म्हणाले.

नात आजीच्या कडेवर होती. तिने या अनोळखी गृहस्थांकडे पाहिले आणि भोकाड पसरले. तिचे उघडे तोंड पाहून डॉक्टर थबकले. वर दोन, खाली दोन, शुभ्र, सरळ रेषेत.

"दात कधी आले हिला?"

"झाले की चार महिने," लेक म्हणाली. "फोन केला होता तुम्हाला. रात्र रात्र रडायची. हिरडीला काय लावू, ते विचारायचं होतं. तुम्ही विमानात होतात."

"मग?"

"मग शेजारच्या काकूंना विचारलं."

डॉक्टर खाली बसले. गावभरच्या लोकांचे दात त्यांच्या हाताखालून गेले होते. त्यांनी नातीपुढे बोट धरले. ती रडायची थांबली, तिने ते बोट दोन्ही मुठींत पकडून तोंडात घातले आणि कडकडून चावा घेतला. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आले. चाव्यामुळे की कशामुळे, ते त्यांनी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशीचे विमान त्यांनी सोडले. त्याचे शुल्क लागले आणि ते त्यांनी मुकाट्याने भरले. प्लॅटिनमपद गेले. पत्नीबरोबर ते बसने परतले.

ही हकिकत परवा मी काही मित्रांना सांगितली. सगळे पोट धरून हसले. माणसं काय काय मूर्खपणा करतात, यावर एकमत झाले. हसणे ओसरल्यावर एकाने चष्मा पुसत सहज विचारले, "पण काय हो, त्या प्लॅटिनमवाल्यांना रांगेत उभं राहावं लागत नाही, हे खरं का?"

सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. तुम्हीही पाहताय, म्हणून सांगतो: नाही लागत.