कंकूबेनचं कार्ड आणि पाच पुरावे

पेनचं लाल टोपण. पाऊण खाकरा. डाव्या पायाची चप्पल. कुणीतरी चावलेली पेन्सिल. बाटलीत अडकलेला मुंगळा, जिवंत.

हे पाच पुरावे पूंजाभाईने बाकड्यावर ओळीने मांडले. अमदावादच्या एका भंगार-वखारीत तो वजनकाट्यावर बसायचा, पण मुळात तो गुप्तहेर होता. शहरभर आपलं नाव आहे, फक्त गुप्त असल्यामुळे कुणाला ठाऊक नाही, असं तो सांगे. नुसत्या वासावरून गुन्हेगार ओळखतो, असंही सांगे. बारा वर्षं वखारीत काढलेल्या नाकाबद्दल हे विधान धाडसाचं होतं.

मंगळवारपासून हरवलं होतं कंकूबेनचं ओळखपत्र. उद्यापासून कार्डाशिवाय सोसायटीच्या फाटकातून आत सोडणार नाही, असं वॉचमनने बजावलं होतं. नऊ वर्षं ती त्या दीडशे घरांचा कचरा उचलत होती नि त्यातलं भंगार याच वखारीत विकत होती. फाटक बंद म्हणजे चूल बंद. म्हणून सकाळपासून ती पूंजाभाईची मदतनीस होऊन राबत होती. दुसरं कुणी तयारच नव्हतं.

पहिला संशय वॉचमनवर, चप्पल त्याची म्हणून. पण त्याच्या दोन्ही पायांत बूट निघाले. दुसरा मुंगळ्यावर, त्याला माफीचा साक्षीदार करून सोडण्यात आलं. मग चहा आला आणि खाकऱ्याचा पुरावा पूंजाभाईने कसून तपासला, अगदी शेवटच्या तुकड्यापर्यंत. तिसरा संशय खुद्द कंकूवर.

"माझंच कार्ड मी कशाला चोरू, भाई?"

"तेच तर कुणाला सुचणार नाही."

एवढं बोलून तो बाकड्याकडे वळला, तर बाकडं मोकळं. बोलता बोलता कंकूच्या हातांनी टोपण नि बाटली प्लास्टिकात टाकली होती, चप्पल रबरात, पेन्सिल लाकडात. तिलाही ते आत्ता कळलं.

कोपऱ्यात म्हातारी दहीमा भंगार निवडत बसली होती. दिसत फारसं नाही, सगळं बोटांवर.

"कार्ड कसलं गं? कागदाचं?"

"कागदाचंच, मासी. वरून प्लास्टिक चढवलेलं."

"मग ते कागदवाला घेत नाही नि प्लास्टिकवालाही घेत नाही."

वेफर्सची पाकिटं टाकतात त्या, कुणीच विकत न घेणाऱ्या ढिगात म्हातारीने कोपरापर्यंत हात घातला, चाचपलं आणि एक चौकोन ओढून काढला.

"बघ, तूच आहेस का?"

कंकूच होती. तिने ते पदराच्या टोकाला बांधलं आणि गाठीवर आणखी एक गाठ मारली. पूंजाभाईने प्रकरण आपण सोडवल्याचं जाहीर केलं.

मंगळवारी काट्यापाशी पडलेलं ते कार्ड कचरा समजून त्या ढिगात पूंजाभाईनेच टाकलं होतं.