काठ धरत नाही

अण्णा टिपणीस कुणाच्याही घरी गेले की आधी तिथल्या चपट्या वस्तू वाकवून बघत. बिस्किटांच्या डब्याचं झाकण, कॅलेंडरचा पुठ्ठा, लग्नाची पत्रिका, काहीही. दोन्ही अंगठ्यांनी दाबायचं, उजेडाकडे धरायचं आणि तोंड कडू करून म्हणायचं, "काठ धरत नाही." माझ्या मेहुणीच्या साखरपुड्यात त्यांनी पेढ्यांच्या खोक्याचं झाकण असंच नापास केलं. मुलाकडच्यांना वाटलं, म्हातारा आमचे पेढेच नापास करतोय.

नौपाड्यात आमच्या चाळीत त्यांची खोली माझ्या खोलीला लागून. कोर्टातली कारकुनी संपवून घरी बसलेला माणूस. एकुलता एक मुलगा मधू पलटणीत वायरलेसवर होता, तो ब्रह्मदेशातून परत आलाच नाही. बेपत्ता असल्याचा एक सरकारी कागद आला, एवढंच. अण्णा त्याबद्दल बोलत नसत. चाळीनं सहा महिने हळहळ केली, मग चाळीलाही कामं होती.

लढाई संपली, फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासित राहायला आले आणि पलटणीचं भंगार विठ्ठलवाडीला ढिगानं विकायला निघालं. अण्णा रोज जाऊन ढीग उपसत. एक दिवस तिथून वायरलेसची पेटी घेऊन आले. हिरवी, गंजलेली, उचलायला दोन माणसं लागावीत अशी. विकणाऱ्या सिंध्यानं बिचाऱ्यानं आधीच बजावलं होतं, "साईं, इसमें गाना नहीं आएगा."

"गाना हमको नको," अण्णा म्हणाले.

ज्या माणसाला स्टोव्हची पिन करायला बायको लागायची, त्यानं वर्षभरात त्या पेटीचा गंज काढला, तारा बदलल्या, बटणं घासून लख्ख केली. राहिला फक्त दर्शनी पत्र्यावरचा आकडा. पांढऱ्या रंगातला, इंग्रजी आकड्यांतला एकशेअठरा, निम्मा उडालेला. तो जिथल्या तिथे पुन्हा भरायला आकडा कापलेली स्टेन्सिल हवी होती, आणि कापलेला काठ ताठ राहील असं काही मिळत नव्हतं. पुठ्ठा रंग पितो. रॉकेलच्या डब्याचा पत्रा बोट कापतो, आकडा कापू देत नाही. मेणकागदात आठाची पोटं फाटतात. मी ड्रॉइंग ऑफिसात नकाशे उतरवून काढणारा ट्रेसर, म्हणजे आकड्यांतला चाळीतला एकमेव जाणकार. त्यामुळे मी ऑफिसातून येऊन चहाला टेकतो न टेकतो तोच अण्णा नवा तुकडा घेऊन दारात हजर.

"सदू, बघ रे. हा धरेल काठ?"

"नाही धरणार, अण्णा."

"मलाही तेच वाटलं," म्हणत आत येऊन बसायचे, ते जेवणवेळेपर्यंत.

खरं सांगतो, मला वीट आला होता. माणूस दुःखी आहे म्हणून रोज दीड तास पत्र्याच्या गोष्टी ऐकाव्यात, एवढं माझं मन मोठं नव्हतं.

शेवटी आमच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरकडून मी एक्स-रेची जुनी फिल्म मिळवली. अण्णांनी ती वाकवली, सोडली, ती टणकन सरळ झाली. "धरते! काठ धरते!" म्हणत अण्णा चक्क नाचले. टिपणीसकाकू आतून ओरडल्या, "अहो हळू! कुणाची तरी छाती आहे ती."

अण्णांचा हात थरथरायचा, म्हणून कापायचं काम माझ्याकडे आलं. "आहे तस्सं उतरवून घे. काही सुधारू नकोस," असं त्यांनी मला तीनदा सांगितलं. मीही तीनदा मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी अण्णा-काकू भाचीच्या लग्नाला तीन दिवस डोंबिवलीला गेले. किल्ली माझ्याकडे. मी आकडा जवळून पाहिला आणि माझ्यातला ट्रेसर चवताळला. शेवटचा आठ एका अंगावर कलंडलेला! असलं काम आमच्या साहेबानं तोंडावर फेकलं असतं. म्हटलं, एकदाची ही ब्याद निकालात काढू. पॉलिश पेपरनं जुना आकडा घासून काढला, हिरव्याचा हात मारला, तो वाळल्यावर फिल्ममधून पांढरा भरला. छापल्यासारखा एकशेअठरा. अण्णा यायच्या आधीच निम्म्या चाळीला तो दाखवून झाला होता.

अण्णा आले. थेट पेटीपाशी गेले. आठावरून बोट फिरवलं. "छान झालाय रे. सरळ आलाय," म्हणाले, आणि काकूंना माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.

चार दिवसांनी काकूंनी मला नळावर गाठलं. हातात मधूचं जुनं पत्र होतं. "वाच. मी दाखवलं हे ह्यांना कळू देऊ नकोस. फक्त चाळभर त्या आकड्याचं सांगत फिरू नकोस रे आता."

मधूनं लिहिलं होतं, "आज माझ्या पेटीवर आकडा मारला. स्टेन्सिल सरकली आणि शेवटचा आठ एका अंगावर झोपला. साहेब ओरडला. पण अण्णा, आता शंभर पेट्यांत माझी पेटी मला लांबून ओळखू येते."

विठ्ठलवाडीच्या ढिगातली पेटी मधूचीच होती का, देव जाणे. पलटणीत कलंडलेले आठ काय कमी असतील? पण अण्णांना ती ओळखू आली होती. मधूची राखसुद्धा घरी आली नव्हती. बापाकडे त्याच्या हातचा एक वाकडा आकडा होता, तो मी घासून काढला आणि वर त्याच बापाच्या घरी बसून चहा प्यायलो. आता माफीही मागता येईना, पत्राचं अण्णांना कळू द्यायचं नाही असं काकूंनी बजावलं होतं.

अण्णा अजून संध्याकाळी येतात. परवा बायकोनं मुद्दाम बिस्किटांचा नवा डबा त्यांच्यापुढे ठेवला. झाकण पातळ होतं, चांगलं लवचीक. मी त्यांच्या अंगठ्यांकडे बघत होतो. अण्णांनी झाकण काढलं, एक बिस्किट घेतलं, आणि झाकण परत लावून टाकलं.