गोबोचे पाय धुणारी तिघं

कल्पना करा, तुम्ही पाढे पाठ करत बसला आहात आणि तुमच्या मांडीला टेकून बसलेला कुत्रा स्वतःचे पंजे चाटतो आहे. चपचप, चपचप. सात साते एकोणपन्नास, चपचप. जपानमधल्या कानाझावा शहरातल्या आठ वर्षांच्या कोतोहाचं महिनाभर हेच चाललं होतं. तिच्या गोबोच्या बोटांमधली कातडी लाल झाली होती, केस झडू लागले होते.

चिझुरु आजीचं निदान पक्कं होतं: पायाला घाण राहते, म्हणून चाटतो. त्या घरात बुटांसकट आत येणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, मग कुत्र्याला कुठली सूट? गोबो फिरून आला की आजी दाराशीच कोमट पाण्यानं त्याचे पाय धुवी. तरी चाटतोच म्हटल्यावर तिनं पाण्यात हिरवा चहा घातला. बाबांना हे ठाऊक नव्हतं. ते कामावरून आले की ओल्या फडक्यानं पंजे साफ करत. कोतोहा दोघांना न सांगता आपल्या स्ट्रॉबेरीच्या साबणाचा फेस करी. गोबो जास्तच चाटू लागला. मग तिघंही आणखी धुऊ लागली.

शेवटी बाबा म्हणाले, याला घरातली तातामीची गवती चटईच सोसत नसेल. रविवारपासून याचं अंथरूण अंगणात. कोतोहा जेवली नाही. आजीनं तिच्या भातावर आवडतं लोणचं ठेवलं, तेही तसंच राहिलं. तेव्हा आजीच म्हणाली, आधी डॉक्टरांना तर दाखवू.

शनिवारी तिघं गोबोला घेऊन डॉक्टर उसामीबाईंकडे गेली. बाईंनी पिसवा आहेत का ते पाहिलं, काटा शोधला, खाण्यात काही बदललं का ते विचारलं. काहीच सापडेना. मग त्यांनी एक पंजा नाकाशी नेला.

"चहा," त्या म्हणाल्या. "आणि... स्ट्रॉबेरी? याचे पाय धुतं कोण?"

"मी," तिघंही एकदम म्हणाली आणि एकमेकांकडे बघत राहिली.

"आणि कोरडे कोण करतं?"

आजीनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी कोतोहाकडे. कोतोहानं गोबोकडे.

"हाच करतो," ती हळूच म्हणाली. "जिभेनं."

बाईंनी हसू दाबलं. "एखाद्यानं वाईट धंदे सोडले की आपल्या जपानीत म्हणतात, त्यानं पाय धुतले. हा गरीब जीव दिवसातून तीन-तीन वेळा धंदे सोडतोय, आजी. याचे गुन्हे तरी काय?"

मग त्यांनी नीट समजावलं. बोटांच्या बेचक्यात ओल राहिली की खाज सुटते, खाज सुटली की कुत्रा चाटतो, आणि चाटलं की पुन्हा ओल. मलम लावा, साध्या पाण्यानं एकदाच धुवा आणि बोट न् बोट कोरडं करा. अंगणात घालवायचं काही कारण नाही.

आजी उठली आणि भरल्या दवाखान्यात गोबोपुढे कमरेत वाकली.

"आमचं राहिलेलं काम महिनाभर तू एकट्यानं केलंस रे. फार उपकार झाले."

बाबाही वाकले. गोबोनं दोघांकडे आळीपाळीनं पाहून शेपूट हलवली.

संध्याकाळी तो फिरून आला, तेव्हा कोतोहा पायरीवर टॉवेल घेऊन बसली होती. एकेक बोट वेगळं करून तिनं तीन पंजे कोरडे केले. चौथा मात्र थोडा वेळ त्याच्याकडेच राहू दिला. इतक्या मनापासून केलेलं काम कुणाकडून एकदम कसं काढून घ्यायचं? दोनदा चाटून त्यानं वर पाहिलं. तेव्हा कोतोहानं वाकून त्याचे आभार मानले आणि तोही पंजा हातात घेतला.