राखणदारांची भाकरी

आमच्या शेजारचे मल्लप्पा जेवण झालं की स्वतःचं डोकं दोनदा थोपटतात आणि विचारतात, "राखणदार, पोट भरलं का?"

मुरुम गावच्या बाजारात त्यांनी जन्मभर किराणा विकला. बायको गेल्यापासून एकटेच राहतात. मागच्या वर्षी एका सकाळी त्यांनी भिंतीपलीकडून रोजच्यासारखं "अक्का, दूध आलं का?" विचारलं, पण शब्द सगळे एकमेकांना चिकटलेले. मी ओरडले, "आधी तंबाखू थुंका, मग बोला!" तेवढ्यात त्यांच्या हातातला तांब्या पडला. भिंतीवरून पाहते तर तोंड एका बाजूला ओघळलेलं. जीपवाल्याला हाक मारली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी दवाखान्यात नेलं.

जीव वाचला. उजवा हात अधू राहिला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की मेंदूत विचार करणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना सांभाळणाऱ्याही असतात. रक्त अडलं की या सांभाळणाऱ्या आपल्यातलं बळ शेजारच्या पेशींना देतात, साचलेलं विष उचलतात. पण तग थोडाच वेळ धरवतो. "तुम्ही लवकर आणलंत, म्हणून बरंच वाचलं."

मल्लप्पांनी त्या पेशींचं नाव राखणदार ठेवलं. कीर्तनाला बोलावलं तर म्हणणार, "राखणदारांना गोंगाट सोसत न्हाय." औषध कडू लागलं तर, "राखणदार नको म्हणत्यात."

मी म्हटलं, "त्यांना सांगा, अक्का येतीया." लगेच औषध घेतलं.

त्यांचा पुण्यातला पोरगा त्यांना तिकडे न्यायला टपलेला. शेवटी म्हणाला, "अप्पा, दिवाळीला येतो. उजव्या हातानं भाकरी थापून दाखवा, नाहीतर सामान बांधा."

मग रोज परातीत थपथप सुरू. दोन भाकरी व्हायच्या, एकही गोल नाही.

"दोन कशाला?"

"एक माझी, एक राखणदारांची."

"म्हंजे दोन्ही तुमच्याच पोटात!"

"त्यांना तोंड कुठाय, अक्का?"

दिवाळीत पोरासमोर भाकरी तव्यावर पडली. एका कडेला फाटली, पण फुगली. पोरानं ती गुमान खाल्ली आणि एकटाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवर, माझ्या बाजूला, फडक्यात एक भाकरी. वर शेंगदाण्याची चटणी.

"हे काय? राखणदार तर तुमच्या डोक्यात हायत."

मल्लप्पा पाठमोरेच उभे राहिले. "आतल्यांना माझ्या रक्तातनं मिळतंय," म्हणाले. "बाहेरचीला कोण देतंय?"

भाकरी करपली होती. तसं मी तोंडावर सांगितलं, आणि सगळी खाल्ली.