हायब्रीड गादी आणि पाहुण्याची व्याख्या

नेरच्या रामराव गावंडे यांच्या नव्या घरात पाहुण्यांची स्वतंत्र खोली होती, खोलीत पलंग होता आणि पलंगावर कोरी करकरीत हायब्रीड गादी होती. नव्हता तो फक्त पाहुणा. ही उणीव रामरावांना सुरुवातीला किरकोळ वाटली. पंचायत समितीत अधीक्षक म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला इमारत आधी आणि तिचा उपयोग मागाहून, हा क्रम काही नवा नव्हता. डॉक्टर नसलेल्या दवाखान्यांची आणि पाणी नसलेल्या टाक्यांची उद्घाटने त्यांनी स्वतः मांडव घालून पार पाडली होती.

गादी मुलाने, म्हणजे रजतने, मोबाईलवरून मागवली होती. ती आली तेव्हा एका उभ्या खोक्यात गुंडाळी होऊन बसली होती. वरची पिशवी कापल्याबरोबर तिने एक सुस्कारा टाकला आणि तेलात सोडलेल्या पुरीसारखी फुगली. रामराव दोन पावले मागे सरकले. खाली स्प्रिंगा आणि वर फोम, म्हणून हायब्रीड, असे रजतने समजावले. रामरावांनी तोवर हायब्रीड फक्त शेतात पाहिले होते आणि बियाण्याच्या पाकिटावर जेवढे बोंड दिसते तेवढे झाडावर कधीच दिसत नाही, असा त्यांचा अनुभव होता. त्यामुळे त्यांनी गादीवर लगेच विश्वास टाकला नाही.

खोक्यावर मात्र एक गोष्ट लिहिलेली होती ती वाचून ते हरखून गेले. शंभर रात्री झोपून पाहा, पटली नाही तर परत करा, असे कंपनीचे म्हणणे होते. सरकारी खरेदीत वस्तू आधी पास होते आणि मोडल्यावर तपासली जाते. इथे कंपनीच म्हणत होती, तपासा. रामरावांनी चाचणी रीतसर करायचे ठरवले आणि इथेच घोडे पेंड खाऊ लागले. कारण झोपून पाहायचे कोणी?

त्यांच्या पत्नी इंदुताई यांना हा प्रश्न पडला नव्हता. त्यांची कंबर कित्येक वर्षे दुखत होती. यवतमाळच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून देताना चांगल्या गादीवर झोपत जा असेही सांगितले होते. त्या झोपत होत्या ती गादी घरच्या कापसाची होती, पण रजत शाळेत असताना ती शेवटची पिंजून घेतलेली. आता तिच्यात जागोजाग गोळे झाले होते आणि रात्री कूस बदलायची तर आधी गोळ्यांची संमती घ्यावी लागे. शिवाय लग्न होऊन आल्यापासून जो पाहुणा मुक्कामाला आला, त्याच्या अंगाखाली इंदुताईंची गादी गेली आणि इंदुताई चटईवर गेल्या. नव्या गादीवरून त्या रोज झाडताना हात फिरवून पाहत. एक दिवस त्यांनी सरळच विचारले, की मी झोपून पाहू का.

"तू काय पाव्हणी हायेस?" रामराव म्हणाले.

यात त्यांचा दुष्टपणा नव्हता, नियम होता. गादी पाहुण्यांच्या खोलीसाठी घेतलेली होती. एका लेखाशीर्षाखाली घेतलेली वस्तू दुसऱ्याच कामाला वापरल्याबद्दल त्यांनी सेवेत असताना भल्याभल्या ग्रामसेवकांना नोटिसा काढल्या होत्या. आता स्वतःच्या बायकोसाठी तेच करायचे, तर त्या बिचाऱ्यांनी काय घोडे मारले होते? पुन्हा हा वाद नको म्हणून त्यांनी पाहुण्याची व्याख्याही तिथल्या तिथे करून दिली. जी व्यक्ती तालुक्याबाहेरून, बॅग घेऊन, मुक्कामाच्या इराद्याने येते ती पाहुणा. इंदुताईंनी ती नीट ऐकून घेतली आणि झाडू घेऊन निघून गेल्या.

मग पाहुण्यांचा शोध सुरू झाला. रामरावांनी नातेवाईकांना फोन लावले. पूर्वी हीच माणसे शेवटची एसटी मुद्दाम चुकवून मुक्कामाला राहत. आता प्रत्येकाच्या दाराशी गाडी होती. यायचे तर सारेच म्हणत होते, पण जेवून संध्याकाळी परत. रामरावांचे साडू आले, पुरणाचे जेवले, पाहुण्यांच्या खोलीच्या दारातून गादीला लांबूनच नमस्कार केल्यासारखे पाहिले आणि दिवेलागणीच्या आत निघून गेले. शंभर रात्रींतल्या रात्री मात्र रोज संपत चालल्या होत्या.

शेवटी महागावकडच्या तांड्यावरचे सेवादास राठोड सापडले. ते रामरावांच्या हाताखाली ग्रामसेवक होते आणि पेन्शनचे काहीतरी अडलेले काम समजून घ्यायला येणार होते. ते काम सकाळीच नीट समजते, असे सांगून रामरावांनी त्यांना ठेवून घेतले. गादीचे प्लास्टिक अर्थात काढलेले नव्हते. परत द्यायची पाळी आली तर डाग नको, हा विचार त्यामागे होता. सेवादास कूस बदलत तेव्हा फटाक्याची लड लागल्यासारखा आवाज होई, आणि कूस बदलून होते न होते तोच ते घसरून पलंगाच्या काठाशी येत. सकाळी ते अंगणातल्या बाजेवर झोपलेले आढळले. रामरावांनी त्यांना गादीबद्दल अभिप्राय विचारला.

"साहेब, गादी एक नंबर हाये," सेवादास नम्रपणे म्हणाले. "फक्त मानसानं तिच्यावर झोपू नये."

वापरकर्त्याने वस्तू पूर्ण वेळ न वापरल्याने हा अभिप्राय ग्राह्य धरता येणार नाही, असे रामरावांनी ठरवले. सेवादास तोवर पेन्शनचे काम न विचारताच गेले होते.

पुढच्याच आठवड्यात इंदुताईंनी बॅग भरली आणि महागावला भावाकडे जाते म्हणून गेल्या. चारदोन दिवस राहून त्या एसटीने परत आल्या. घराचे दार सताड उघडे होते. त्या आत शिरल्या नाहीत. त्यांनी बेल दाबली.

दार उघडेच आहे, असे रामराव आतून म्हणाले. पाहुण्याने तसे घुसू नये, असे उत्तर आले. रामराव बाहेर येऊन पाहतात तो बायको पायरीखाली बॅग हातात धरून उभी.

"मी महागावहून आली," इंदुताई म्हणाल्या. "बॅग हाये. मुक्काम करीन म्हणते."

रामरावांनी व्याख्या मनातल्या मनात तीन वेळा वाचली. तालुका बाहेरचा होता, बॅग होती, इरादा तर अर्जदाराने स्वतःच बोलून दाखवला होता. 'पत्नी वगळून' हे दोन शब्द घालायला हवे होते, ते राहून गेले होते. पण अर्ज आल्यावर नियम बदलणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांनी निमूटपणे बॅग हातात घेतली आणि या, बसा, असे म्हणाले.

पाहुणी बसली. आता तिला पाणी आणि चहा देणे आले. रामराव स्वयंपाकघरात गेले आणि तिथे त्यांना आढळून आले, की या विभागाचा कार्यभार त्यांनी कधी घेतलेलाच नव्हता. साखर कुठे असते हे त्यांना माहीत नव्हते आणि आपल्या घरची साखर कुठे आहे हे पाहुणीला विचारणे शोभत नव्हते. अखेर त्यांनी बिनसाखरेचा चहा नेला. पाहुणीने एक घोट घेतला आणि पाहुण्याच्या रीतीप्रमाणे छान झाला म्हणून सांगितले. मी काही मदत करू का, असेही तिने विचारले. त्यावर यजमानाने नको नको, तुम्ही बसा, असेच म्हणायचे असते. रामराव तसे म्हणाले आणि कांदा चिरायला गेले.

प्लास्टिकही निघाले. पाहुण्याला प्लास्टिकवर झोपवतात का, एवढे एकच वाक्य इंदुताईंनी उच्चारले. त्यानंतर त्या झोपल्या त्या सकाळी उन्हे खिडकीत येईपर्यंत. रामराव अभिप्रायासाठी दाराशी उभे होते. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला झोपलेली त्यांनी जवळजवळ पाहिलीच नव्हती. ती त्यांच्या आधी उठे आणि त्यांच्यानंतर पडे. झोपेत तिच्या कपाळावरची आठी सुटलेली होती आणि ती आठी आहे, हे सुटल्यावरच त्यांच्या लक्षात आले. त्यांना खरोखर वाईट वाटले. पण तेवढ्यात चहाची वेळ झाली, तेव्हा वाईट वाटण्याचे काम चहा मिळेपर्यंत पुढे ढकलण्यात आले. चहा कोणी करायचा हे आठवल्यावर ते कायमचेच तहकूब झाले.

इंदुताई उठल्या तेव्हा रामरावांनी घाईने विचारले, की गादी कशी वाटली.

"एका राती काय समजते जी?" इंदुताई म्हणाल्या. "शंभर लिहेल हायेत न?"

हे सारे सूनबाई सलोनी पाहत होती. ती शाळेत शिकवायची, घरी येऊन पोळ्या लाटायची आणि पोळ्या लाटून वह्या तपासायची. रविवार धरून ती पुसदला माहेरी गेली आणि सोमवारी बॅग घेऊन बेल वाजवती झाली. तिला हॉलमधला दिवाण मिळाला. मग रजतने आपली बाजू मांडली. तो लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होता. म्हणजे तो रोजच तालुक्याबाहेरून, बॅग घेऊन, मुक्कामाच्या इराद्याने घरी येत होता. त्याने पाहुण्याचा दर्जा पूर्वलक्षी प्रभावाने मागितला, आणि व्याख्या पाहता तो नाकारता येईना.

आता घरात तीन पाहुणे होते आणि यजमान एकटे रामराव. ते वरण करपवत, भाकरी मोबाईलवर पाहून थापत आणि ती नकाशासारखी निघाली की लाजत. पाहुणे फार सुसंस्कृत होते. उगाच त्रास घेतला तुम्ही, असे ते प्रत्येक ताटावर म्हणत आणि ताटावरून उठून हात धुवायला जात. ताटे तिथेच राहत. दोन आठवड्यांत रामरावांची कंबर धरली. जमिनीवर, गोळे झालेल्या त्या जुन्या गादीवर पडल्या पडल्या त्यांना समजले, की गादी मिळायची तर आपणही पाहुणेच झाले पाहिजे.

दुसऱ्याच दिवशी ते बॅग घेऊन एसटीने यवतमाळला गेले. तिथे बसस्थानकावर दुपारपर्यंत उगाच बसून राहिले आणि परतीच्या गाडीने नेरला आले. घराचे दार आतून बंद होते. त्यांनी बेल दाबली. आत टीव्ही चालू होता, कोणाचेतरी हसणे ऐकू येत होते, पण दार कोणी उघडेना. त्यांनी पुन्हा बेल दाबली, आणि तिसऱ्यांदा दाबली. अखेर खिडकीचा पडदा सरकला आणि इंदुताई दिसल्या. त्यांचा चेहरा टवटवीत होता आणि कंबरेवर हात नव्हता.

"घरचं कोनी नाई जी," त्या म्हणाल्या. "आमी सारे पाव्हणेच हाओत. दुसऱ्याच्या घराचं दार आमी कसं उघडाव?"

"मंग घरचं मानूस कोठी गेलं?" रामरावांच्या तोंडून निघून गेले.

"काय म्हायती. होतं तवा कोनी पाह्यलं नाई, गेलं तं सारे इचारून राह्यले." इंदुताईंनी पडदा अर्धा ओढला. "बसा वट्यावर. ते आलं म्हंजे चहा भेटन."

रामराव ओट्यावर बसले. त्यांना राग आला होता, पण कोणावर काढावा ते कळेना, कारण व्याख्या त्यांचीच होती. समोरून जाणाऱ्या शेजाऱ्याने विचारले, की पाहुण्याची वाट पाहत आहात का. नाही, घरच्याची पाहतो आहे, असे रामरावांनी सांगितले.

गादीची चाचणी अद्याप चालू आहे. कंबरेला ती खरोखर चांगली आहे, एवढे तूर्त सांगता येते. इच्छुकांनी नेरला जाऊन खात्री करून घ्यावी. चहाचे मात्र काही सांगता येत नाही. तसेच जाण्यापूर्वी वाचकांनी एका बाबीची नोंद घ्यावी. ज्याअर्थी आपण ही गोष्ट निवांत बसून वाचली आहे, त्याअर्थी आपल्या घरात या क्षणी कोणीतरी उभे आहे. ते कोण, हे आधी मान वळवून पाहावे.