बापाच्या दारूचं आयुष्य

डेलमार स्वेनबीने वडिलांची दारू तळघरातून वर आणली, ती तान्हं मूल आणावं तशी दोन्ही हातांनी. दारू म्हणजे बंदुकीची. प्यायची होती ती वडिलांनी स्वतःच संपवली होती.

डब्यावर वडिलांच्या अक्षरात १९७४ लिहिलेलं होतं. थंड, कोरड्या जागी ठेवली तर दारू माणसापेक्षा जास्त टिकते, अशी घरीच काडतुसं भरणाऱ्या त्या घराण्याची श्रद्धा होती. उरली होती जेमतेम वीस काडतुसांपुरती. वडिलांना जन्मभरात एकही एल्क हरीण मिळालं नव्हतं. या हंगामात त्यांच्याच दारूने एक मिळवायचं, हे स्वप्न डेलमार वर्षभर खिडकीशी बसून बघत होता. डोंगरावर धुकं, पाइनची झाडं, आणि मागे उभे राहून वडील हळूच म्हणतायत, "आता."

फक्त ती नासलेली नाही ना, एवढं बघायला हवं होतं. ते वासावरून कळतं. चांगल्या दारूला स्पिरिटसारखा गोडसर वास येतो, बिघडलेलीला आंबूस. पंचाईत अशी, की दोन वर्षांपूर्वीच्या तापात डेलमारचं नाक कामातून गेलं होतं. तेव्हापासून घरातली नाकाची सगळी कामं बायकोकडे, आर्डिसकडे होती. तो डबा घेऊन स्वयंपाकघराशी गेला.

"आर्डिस, हे जरा हुंग."

"आधी शेगडीपासून लांब हो! तिथेच थांब दारात." ती हात पुसत आली, डब्यावर वाकली आणि झटकन मागे झाली. "शी! आंबलंय रे."

"नीट हुंग ना. बाबांची आहे."

"बाबांच्या अंगालाही साधारण असाच वास यायचा."

डेलमारला अगदी गलबलून आलं. पण नासलेली दारू घरात ठेवायची नाही, हा नियमही वडिलांचाच. ती अशी गवतावर पसरतात, खत होतं. त्याने टोपी काढली, चिमूट चिमूट करत सगळी अंगणभर पसरली आणि वरून पाणी घातलं.

तेवढ्यात शेजारचा रूडी नाकाला रुमाल लावून कुंपणाशी आला. "काय चाललंय रे तुमच्याकडे? व्हिनेगरचा वास पार रस्त्यापर्यंत येतोय!"

"व्हिनेगर?"

"काकड्यांचं लोणचं," आर्डिस आतून म्हणाली. "सकाळपासून पंधरा बरण्या झाल्या." आणि मग ती एकदम दारात आली. "अगं बाई."

डेलमारने रूडीचा रुमाल बाजूला करून रिकामा डबा त्याच्या नाकाखाली धरला.

"व्वा! काल दुकानातून आणल्यासारखी. कुठाय?"

डेलमारने ओल्या गवताकडे बोट दाखवलं. पुढे आठवडाभर त्याने लोणच्याला हात लावला नाही, आणि आर्डिसनेही ते वाढलं नाही. हंगाम कोरडाच गेला.

मे महिन्यात अंगणात गुडघाभर, हिरवंगार गवत माजलं. एका पहाटे धुक्यात एक थोराड एल्क तिथे निवांत चरत उभा होता.

"बंदूक आणू?" आर्डिस कुजबुजली.

"हंगाम बंद आहे."

"मग नुसता काय बघत बसलायस?"

"हळू बोल," डेलमार म्हणाला. "बाबांना पहिल्यांदाच मिळालाय."