बिअरबद्दल मत देण्याची मान्य पद्धत

आंबणे ही निसर्गातली सर्वांत निःपक्षपाती क्रिया आहे. भांडं कोणाचं आहे, त्याने किती कष्ट घेतले, तो स्वभावाने किती चांगला आहे, याचा सूक्ष्मजीव विचार करत नाहीत. तो विचार नंतर, चव घेताना, माणसांना करावा लागतो. पश्चिम लंडन मराठी गृहकिण्वन मंडळ हे काम गेली काही वर्षं निष्ठेने करत आहे.

घरच्या घरी बिअर करणे हा या देशात जुना आणि सभ्य छंद समजला जातो. त्याला कायद्याची हरकत नाही (विकायला आहे). मोड आणून भाजलेल्या जवाचं गरम पाण्यात सत्त्व काढायचं, हॉप्सची फुलं घालून ते उकळायचं, गार करायचं, फर्मेंटर नावाच्या मोठ्या झाकणबंद भांड्यात भरायचं, यीस्ट सोडायचं आणि गप्प बसून वाट बघायची. यातलं शेवटचं काम सोडलं तर बाकी सगळं आमच्या सभासदांना उत्तम जमतं.

मंडळाची बैठक महिन्यातून एका शनिवारी दुपारी, हाउन्सलो किंवा ईलिंगमधल्या कोणाच्या तरी घरी भरते. अध्यक्ष कमलाकरकाका विमानतळावरून निवृत्त झाले आहेत. आयुष्यभरात एकही बॅग चुकीच्या विमानात जाऊ दिली नाही असं ते सांगतात (ज्यांच्या गेल्या ते मंडळात नाहीत). मी मंडळाची तांत्रिक सल्लागार आहे. एका प्रयोगशाळेत अन्नातले सूक्ष्मजीव मोजण्याचं काम करते, म्हणून माझी निवड एकमताने झाली. माझा सल्ला अजून कोणी घेतलेला नाही, त्यामुळे तो एकदाही चुकलेला नाही.

बैठकीचा पहिला विषय ‘सध्या काय?’ हा असतो. प्रत्येकाने आपली चालू पाककृती सांगायची. अपूर्व, म्हणजे पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला आमचा सॉफ्टवेअरवाला, सध्या आमसूल घातलेल्या बिअरच्या तिसऱ्या व्हर्जनवर आहे. पहिल्या दोनमधले बग त्याने काढले आहेत, आमसूल काढलेलं नाही. कमलाकरकाका स्टाउट नावाच्या काळ्या बिअरमध्ये कोल्हापुरी गूळ घालतात. ती प्यायल्यावर सगळे म्हणतात, “काका, गूळ फार चांगला आहे.” हे खरंच आहे. काका डब्यातून गुळाचा खडा वेगळाही देतात.

दुसरा विषय उपकरणांचे प्रश्न. मंडळाचं सगळं कार्य यातच सामावलेलं आहे.

ज्याने आपल्याला घरी बोलावलं, खुर्ची दिली, चकली पुढे केली, त्याच्या तोंडावर त्याची बिअर वाईट आहे असं सांगता येत नाही. पण आपण सुशिक्षित माणसं असल्यामुळे गप्पही बसता येत नाही. म्हणून मंडळाने हळूहळू एक पद्धत विकसित केली. दोष माणसाचा नसतो, उपकरणाचा असतो; तेव्हा मत न देता प्रश्न विचारायचा. “फर्मेंटर प्लास्टिकचा आहे का रे?” म्हणजे आंबट आहे. “तुमच्याकडे पाणी हार्ड येतं ना?” म्हणजे औषधासारखी लागते. “बाटल्या कुठून आणल्यास?” म्हणजे फेसच नाही, मेली आहे. “थर्मामीटर कुठला वापरतोस?” हा सर्वांत गंभीर प्रश्न असून तो विचारणारा पुढचा घोट घेत नाही.

पद्धत अत्यंत मानवी आहे. तिच्यात एकच उणीव आढळते: ज्याला प्रश्न विचारला जातो, तो उत्तर म्हणून ते उपकरण विकत घेतो.

आमचा हाउन्सलोचा सभासद हरीश हा याचं आदर्श उदाहरण. एका कार्गो कंपनीत तो शिफ्ट मॅनेजर आहे. स्वभावाने इतका चांगला की शेजाऱ्यांच्या कचऱ्याचे डबे न सांगता रस्त्यावर नेऊन ठेवतो. तो डब्यातला केसर आंब्याचा रस घालून बिअर करतो. ती आंबट होते. पहिल्यांदा आंबट झाली तेव्हा मंडळाने प्लास्टिकबद्दल विचारलं, हरीशने काचेचा फर्मेंटर घेतला. मग काचेबद्दल विचारलं, त्याने स्टीलचा घेतला. मग तापमानाबद्दल, मग पाण्याबद्दल, मग हवेबद्दल (हवेचाही फिल्टर मिळतो). प्रत्येक बैठकीत प्रश्न येत गेले आणि हरीश दर वेळी कृतज्ञतेने म्हणत गेला, “बघ, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.”

आज हरीशच्या घरातल्या खालच्या टॉयलेटमध्ये दोन फ्रिज आहेत, पाहुण्यांना वर पाठवतात. जिन्याखाली पंप आहे. गॅरेज भरल्यावर कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे मागची काचेची खोली, भरली, आणि तिथली मोठी कुंडी आता बाथटबमध्ये आहे. घराच्या क्षेत्रफळाचा सुमारे एकसष्ट टक्के भाग उपकरणांकडे असून उरलेल्यात तीन माणसं राहतात: हरीश, त्याची बायको ऋजुता, आणि युनिव्हर्सिटीतून सुट्टीला आली तर मुलगी ईशिता.

अशा परिस्थितीत तर्काने दोनच मार्ग उरतात. उपकरणं कमी करायची, किंवा त्यांना त्यांच्या लायकीची जागा द्यायची. हरीशने एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये युनिट बघितलं, लायसन्सची चौकशी केली, आणि सोमवारी नोकरीचा राजीनामा द्यायचं ठरवलं. स्वतःची ब्रुअरी. आमच्यापैकी कोणीही त्याला त्याची बिअर वाईट आहे असं कधी सांगितलेलं नव्हतं, आणि हरीश पुराव्याशिवाय पाऊल उचलणारा माणूस नाही.

गुरुवारी ऋजुता माझ्याकडे आली.

“तू सायन्सवाली आहेस. खरं सांग. कशी आहे त्याची बिअर?”

“तब्येतीला अपाय नाही,” मी म्हणाले.

“तो दह्यानेही होत नाही गं. लोक विकत घेतील का?”

मी चहात साखर ढवळली. (मी साखर घेत नाही.)

“झालं! तू पण!” ती म्हणाली. “अठरा वर्षांची नोकरी आहे. मंडेला तो लेटर देणार. मी सांगितलं तर म्हणतो, तुला बिअर आवडतच नाही. आणि तुम्ही सगळे दर वेळी ‘पाणी हार्ड आहे का’ करता. एकाने, फक्त एकाने त्याला सरळ सांगा. सॅटर्डेला आमच्याकडे या. उपकरणांवर एक प्रश्न विचारायचा नाही. फक्त चव.”

मागणी रास्त होती, पण मंडळाच्या परंपरेवर तिचा ताण पडणार होता. म्हणून मी शास्त्रीय तोडगा काढला. सगळ्यांच्या बिअर नाव झाकून, क्रमांक घातलेल्या ग्लासांमधून द्यायच्या. कोणती कोणाची हे फक्त मला माहीत. कोणाचं तोंड बघावं लागणार नाही, त्यामुळे सत्य आपोआप बाहेर येईल. तुलनेसाठी एक ग्लास मी स्वतः तयार केला. त्यात आठवडाभर उघडी राहिलेली दुकानातली बिअर होती आणि तेवढंच हाउन्सलोच्या नळाचं पाणी. हा चौथा ग्लास.

प्रयोगाची आखणी निर्दोष होती. फक्त एक गोष्ट माझ्या हिशोबातून सुटली. कोणता ग्लास यजमानाचा हे कळायला मार्ग नसल्यामुळे प्रत्येक ग्लास यजमानाचाच असू शकत होता. सभासदांनी प्रत्येक ग्लासाला त्याप्रमाणे वागवलं. दहापैकी आठच्या खाली एकही गुण पडला नाही. सर्वांत जास्त गुण चौथ्या ग्लासाला मिळाले. अपूर्व त्याबद्दल “एकदम बॅलन्स्ड” म्हणाला. कमलाकरकाकांनी डोळे मिटून दुसरा घोट घेतला आणि म्हणाले, “हिच्यात शिस्त आहे.”

“काका, त्यात अर्धं नळाचं पाणी आहे,” मी सांगितलं.

काकांनी ग्लास उजेडात धरला. “असं? मग पाणी फारच सुरेख आहे. फिल्टर कुठला म्हणायचा, हरीश?”

ऋजुताने स्वयंपाकघरात जाऊन कुकरचं झाकण सिंकमध्ये टाकल्याचा आवाज आला.

आंब्याचा ग्लास नाव झाकूनही ओळखू येत होता. सुट्टीला आलेल्या ईशिताने तो उचलला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला. ती इथे जन्मलेली. तिचं मराठी थोडं असलं तरी सरळ आहे.

“बाबा, हा बिअर खराब झाला.”

मंडळाच्या इतिहासात हे वाक्य प्रथमच उच्चारलं गेलं होतं. कमलाकरकाकांनी प्रेमाने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“खराब झाली. बिअर ती, बाळा.”

“ओके, झाली,” ईशिता म्हणाली. “इट्स स्टिल खराब.”

“पण बोलते किती गोड!” अपूर्व म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. हरीशसुद्धा लेकीकडे कौतुकाने बघत होता.

ऋजुता दारात येऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. तांत्रिक सल्लागार म्हणून माझ्यावर काही जबाबदारी येत होती, आणि बिअर आंबट होण्याचं कारण मला माहीत होतं. ते भांड्यात नव्हतं, पाण्यात नव्हतं, हवेत तर नव्हतंच. हरीशला बिअर भरताना मी पाहिलं होतं. तो फर्मेंटर धुतो, त्याला जंतुनाशक लावतो, आणि मग ओव्हनच्या हँडलवर लटकलेलं ओटा पुसायचं फडकं घेऊन तो आतून लख्ख कोरडा करतो. त्याच फडक्याने सकाळी इडलीच्या पिठाचं पातेलं पुसलेलं असतं.

“हरीश,” मी म्हणाले, “तुझी बिअर आंबट होते. दर वेळी. कारण तू जंतुनाशक लावल्यावर फर्मेंटर फडक्याने पुसतोस.”

हरीश मनापासून गोंधळला. “अगं, मग ओल्या भांड्यात भरायची? ओल्या बरणीत लोणचं घालतं का कोणी?”

“बुरशी येते,” कमलाकरकाका म्हणाले.

“आईने हात तोडला असता,” अपूर्व म्हणाला. चौकशीअंती असं निष्पन्न झालं की मंडळातले सर्व सभासद फडक्याने पुसतात, आणि दोघे नंतर पंख्याखालीही ठेवतात.

“हे लोणचं नाही. जंतुनाशकाचा ओलावा तसाच राहू द्यायचा असतो. पुसायचंच नाही. काही करायचं नाही. काही आणायचं नाही.”

ज्यासाठी काही विकत आणावं लागत नाही असा सल्ला मंडळापुढे पूर्वी कधी आला नव्हता. तो कुठे ठेवावा हे कोणाला कळेना. हरीशच्या चेहऱ्यावर क्षणभर असं काहीतरी दिसलं की ऋजुताने दाराची चौकट धरली. त्याने हळूहळू टॉयलेटकडे, जिन्याकडे, कॉन्झर्व्हेटरीकडे पाहिलं. एवढं सगळं घेतलं, आणि चूक एका फडक्याची? बहुधा तो हाच हिशोब करत होता. तो आणखी थोडा वेळ करत राहिला असता, तर माझ्या मते सोमवार टळला असता.

पण आमची माणसं एखाद्याला असं एकटं पडू देत नाहीत.

“मायक्रोफायबर चालेल ना?” अपूर्वने विचारलं.

हरीशचा चेहरा उजळला. “बघ! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.”

काकांनी सुती की तागाचं हा मुद्दा उपस्थित केला. कोणीतरी हॉस्पिटलात वापरतात त्या पुसण्यांचं नाव सांगितलं. चर्चा इतकी रंगली की चकली दुसऱ्यांदा तळावी लागली. ऋजुताने ती तळली. तिच्याशेजारी उभी राहून मी झारा धरला, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

सोमवारी हरीशने राजीनामा दिला. कंपनीने फार चांगला निरोप समारंभ केला. तिथे बिअर हरीशनेच नेली होती, आणि त्याचे साहेब म्हणाले म्हणे, की यू शुड बी सेलिंग दिस. म्हणजे ही पद्धत आपल्यापुरती मर्यादित आहे असं मानण्याचं कारण नाही.

युनिट आता तयार आहे. टाक्या चकचकीत आहेत, आणि पुसण्यासाठी एक स्वतंत्र खोली आहे. पहिल्या पिंपाची विक्री येत्या शनिवारी सुरू होते. मंडळाने याबद्दल गांभीर्याने विचार केला आहे. हरीशला सत्य सांगायला हवं, यावर आमचं पूर्ण एकमत आहे. फक्त ते आमच्यापैकी कोणी सांगणं बरं दिसणार नाही. ऋजुता म्हणते की एखादं परकं माणूस हवं. ज्याने त्याच्या घरी काही खाल्लेलं नाही, ज्याला त्याच्या मुलीचं नाव ठाऊक नाही, ज्याच्यासमोर तो फक्त एक बिअरवाला आहे.

म्हणून हे तुमच्यासाठी लिहिलं. हाउन्सलोहून बस मिळते. आत गेल्यावर काउंटरमागे हरीश उभा असेल. तो आधी तुमच्याकडे बघून हसेल, मग ग्लास भरेल, आणि मग तुमच्या पहिल्या घोटाकडे बघत राहील. तेव्हा तुम्ही फक्त एक वाक्य बोलायचं आहे. तुमचं त्याच्याशी काही नातं नाही, त्यामुळे तुम्हाला ते सहज जमेल, असं ऋजुताला वाटतं.

मला वाटतं तुम्ही इथपर्यंत वाचायला नको होतं; आता तुम्हालाही ईशिताचं नाव ठाऊक आहे.